आवाज मधोमध यायला हवा
आवाजाच्या बाबतीत मी किरकिरी आहे, हे घरात सर्वांना मान्य आहे. मी निवृत्त झाले तेव्हा मुलाने खिशात मावणारा म्युझिक प्लेअर आणून दिला. नवरा म्हणाला, "फोनवर वाजतात की गाणी! हिला आणखी एक खेळणं कशाला?" पण मुलाला ठाऊक होतं. ठाण्याला माझ्या गाण्याच्या बाई राहायच्या. चौदा वर्षं मी त्यांच्याकडे शिकले आणि प्रत्येक शिकवणी छोट्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलाने त्या सगळ्या कॅसेट प्लेअरमध्ये भरून दिल्या होत्या.

मग मी हात धुऊन त्या प्लेअरच्या मागे लागले. इयरफोनच्या रबरी टोप्या कानात नीट बसल्या नाहीत तर खर्ज निसटतो, हे कळल्यावर तीन मापं घालून पाहिली. आवाज सुधारण्याच्या म्हणून जेवढ्या सोयी होत्या तेवढ्या बंद केल्या. बास वाढवला की बाईंना सर्दी झाल्यासारखी वाटायची. सगळं साधं ठेवलं तेव्हा तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांचा जोड कसा स्वच्छ ऐकू आला.

एकच खोट राहिली. त्या टेपरेकॉर्डरला माइक एकच होता, त्यामुळे दोन्ही कानांत अगदी सारखंच वाजायला हवं, आणि आवाज कपाळाच्या मधोमध यायला हवा. शिकवताना बाई माझ्या बरोब्बर समोर बसायच्या. इथे मात्र त्या उजवीकडे सरकल्या होत्या.

इयरफोन कल्याणच्या दुकानातून घेतलेले. तिथे जाऊन भांडले. दुकानदाराने स्वतः कानात घालून पाहिले आणि म्हणाला, "मावशी, दोन्हीकडे सेम येतंय."

"दुकानातल्या गोंगाटाने तुमचे कान गेलेत," मी चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. त्याने निमूट दुसरा जोड दिला. डोंबिवलीला घरी येऊन लावला, तर बाई अजून उजवीकडेच.

नवऱ्याची हयात एमआयडीसीत मशिनं दुरुस्त करण्यात गेली. रविवारी पोहे खाता खाता तो म्हणाला, "अगं, उलटे घालून बघ ना. डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात. बिघाड असेल तर तोही बाजू बदलेल."

मी तसे घातले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

आपलंच नाणं खोटं होतं. पोहे तसेच राहिले. बाई आता तेवढ्या कॅसेटमध्येच उरल्या होत्या, आणि माझा एक कान त्यांना सोडून चालला होता. मला फार भीती वाटली, आणि ती मी कोणाला सांगितली नाही.

माजिवड्याच्या डॉक्टरांनी कान तपासले. डाव्या कानाची नस कमजोर झाली होती. गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा आणि आवाज मोठा ठेवू नका, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कल्याणला जाऊन दुकानदाराची माफी मागितली. त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

प्लेअरमध्ये डावी-उजवी बाजू कमीजास्त करायची सोय होती. डावी वाढवायची नव्हती, म्हणून मी उजवी कमी करायला घेतली. एकेक घर खाली आणत गेले. बाई हळूहळू सरकत सरकत अगदी समोर येऊन बसल्या, आणि मी रडले.

"दे बघू, कसं झालंय ते," नवरा म्हणाला. कानात घालून त्याने कपाळाला आठी घातली. "अगं, उजवीकडे जेमतेमच येतंय. हा पण बिघडला वाटतं."

"बिघडला नाही. उजवीकडचं एवढं कमी केलं, की माझे दोन्ही कान सारखे होतात."

त्याने उजवा इयरफोन बोटाने दाबून पुन्हा ऐकलं.

"एवढं?" त्याने विचारलं.

"एवढं."

गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण ती शिकवणी संपेपर्यंत त्याने इयरफोन काढले नाहीत.