बिनपावडरीचा फोटो

नौबादमध्ये आमचे गाळे भिंतीला भिंत लावून आहेत. एकात माझं शिवणकाम, दुसऱ्यात प्रेरणाचा फोटो स्टुडिओ. प्रेरणा मूळची दुबलगुंडीची, तिचे वडील नरसिंग एका गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक तिच्याबद्दल बोलायला लागले की सुरुवातच 'डोकं फिरलेली बाई' इथून करतात, आणि मग माझंही डोकं फिरतं.

लोकांच्या या बोलण्याला निमित्त झालं पावडरच्या डब्याचं. आमच्याकडे कुठल्याही स्टुडिओत आरसा, कंगवा आणि पावडर ठेवलेली असतेच. माणूस आत आला की आधी तोंडावर पांढरा थर चढवतो आणि मग स्टुलावर बसतो. समोरून फ्लॅश पडला की तो थर राखेसारखा दिसतो, मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्याच. मग फोटोवाला संगणकावर बसून सगळंच पांढरंफटक करतो, आणि माणसं खूश होऊन घरी जातात. प्रेरणाने हे काही महिने सोसलं. एक दिवस एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन आली आणि मुलीच्या देखत सारखं म्हणायला लागली, "स्वल्प बेळ्ळग माडरी", म्हणजे थोडं गोरं करा. मुलगी मान खाली घालून बसलेली. प्रेरणाने डबा उचलला, बाहेर गेली आणि नालीत रिकामा केला.

"इथं पावडर मिळणार न्हाई," ती आत येऊन म्हणाली. "तोंड धुऊन बसा, मग फोटो काढते."

बाई तणतणत निघून गेली, जाताना पोरीच्याच दंडाला धरून ओढत. मी मशीन सोडून दारात उभी होते. मला इतकं बरं वाटलं की मी दोघींसाठी चहा सांगितला, आणि तिथून आमची मैत्री.

तिचा राग जुना होता. कलबुर्गीत एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे ती काम शिकली. एकदा तिच्याच नात्यातल्या लग्नाचे फोटो काढले, तर सगळे चेहरे काळे ठिक्कर आले, डोळे आणि दात तेवढे दिसत होते. मालक हसत म्हणाला, "तुमच्या लोकांचे चेहरे फोटोत उठतच न्हाईत." तिने विचारलं, "चेहरे उठत न्हाईत, का तुमाला लाइट लावता येत न्हाई?" दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. मी धनगराची. आमचं अख्खं घर रापलेलं, माझे वडील, अप्पा, तर तव्यासारखे काळे. 'हा रंग तुला उठत नाही' हे वाक्य माझ्या दुकानात रोज कुणी ना कुणी कुणाला तरी सुनावतं, आणि मी दातात टाचण्या धरून गप्प बसते. तिच्यासमोर गप्प बसावं लागत नव्हतं.

मग आम्ही दोघी प्रकाशाच्या मागे लागलो. समोरचा फ्लॅश तिने काढून टाकला. तिला मोठा, मऊ आणि बाजूने पडणारा उजेड हवा होता. त्यासाठी फ्लॅशवर बसवायची तयार पेटी विकत घेण्यापेक्षा मी तिला शिवूनच दिली: काळं रेग्झिन, आत चंदेरी कागद आणि तोंडाला मांजरपाट. पहिल्या दिवशी सगळे चेहरे कावीळ झाल्यासारखे आले. कोरा मांजरपाट पिवळसर असतो, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. तो धुऊन धुऊन पांढरा केला, तर पाठीमागचा पांढरा पडदा आडवा आला. मागे पांढरं असलं की कॅमेरा तेवढाच उजेड धरतो आणि चेहरा बुडवतो. चेहऱ्यावर उजेड वाढवला की कपाळ जळतं. चिडून मी घरून अप्पांची काळी घोंगडी आणली आणि पडद्यावर टाकली. प्रेरणाने पेटी माझ्या गालाजवळ आणली, थोडी मागे फिरवली, माझ्यावर दोनदा ओरडली आणि बटण दाबलं.

त्या फोटोत मी होते. काळीच होते, पण गालाचं हाड, नाकाची कड, कपाळावरची जुनी खूण, सगळं जागच्या जागी होतं. मी रडले. मग एवढी वर्षं हे कुणी केलं का नाही म्हणून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तेव्हाच मी ठरवलं की अप्पांचा असा एक फोटो झाला पाहिजे. त्यांचं नाव अंबाजी, आमच्या गावच्या बिरोबाच्या जत्रेत तरुणपणापासून ढोल वाजवत आलेले. गुडघे गेले होते, यंदाची जत्रा शेवटची असं त्यांनी सांगून टाकलं होतं. घरात त्यांचे फोटो होते, पण एकेका फोटोत तोंडाला पीठ फासलेलं. आजोबांचा, म्हणजे सिद्धरामांचा, तर एकही नाही. अमावास्येला त्यांच्या नावानं नैवेद्य दाखवायचा झाला की अप्पा त्यांची काठी भिंतीला टेकवून ठेवतात आणि तिलाच हार घालतात. बापाचा चेहरा आठवत नाही, असं एकदा ते मला म्हणाले होते. अप्पांचं असं होऊ द्यायचं नव्हतं मला. माझा मोठा भाऊ योगीराज जत्रेच्या कमिटीवर. त्यालाही बॅनरसाठी अप्पांचा फोटो हवाच होता. म्हटलं, प्रेरणाच काढेल.

अप्पा ढोल घेऊन बसने नौबादला आले. खिशात रुमालाची पुरचुंडी. सोडली तर आत पावडर. प्रेरणाकडे मिळत नाही हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून घरून घेऊन आले होते! मी काही बोलायच्या आत तोंड पांढरं करून झालं. स्टुलावर बसले ते ओळखपत्राचा फोटो काढायला बसल्यासारखे, छाती पुढे, श्वास कोंडलेला. प्रेरणाने दोनचार फोटो काढले आणि कॅमेरा खाली ठेवला.

"अप्पा, हे असंच बसायचं असंल तर ढोल कामून आणलात? वाजवा की."

"इथं? एवढ्याशा खोलीत?"

"व्हय, इथंच."

त्यांनी कपाळाला भंडारा लावला, ढोल गळ्यात घातला. प्रेरणाने दुकानाचं शटर ओढून अंधार केला. ढोलाची काठी वेगात फिरते, ती फोटोत थांबवायची तर फ्लॅशची चमक अगदी क्षणाची हवी, आणि चमक आखूड करायची तर ताकद कमी करावी लागते. म्हणून तिने एका पेटीत दोन फ्लॅश बसवले आणि पेटी एकदम जवळ आणली, इतकी की काठी लागेल म्हणून पेटी मी धरून उभी राहिले. अप्पा आधी लाजले. मग हात सुटला, गुडघे विसरले, ढोलाचे गोंडे उडायला लागले. घाम आला, आणि त्याबरोबर ती पावडर ओघळून गळ्यात गेली. ओल्या काळ्या कातडीवर बाजूचा उजेड पडला. तेवढ्यात मी त्यांच्यावर मूठभर भंडारा उधळला.

फोटो बघून प्रेरणाने माझा दंड घट्ट धरला. काठी हवेत थांबलेली, पिवळी धूळ खांद्यावर, मागे घोंगडीचा काळोख आणि त्यातून पुढे आलेला अप्पांचा काळा, जिवंत चेहरा. अप्पांचा चष्मा घरी राहिला होता. "छापल्यावर बघतो," म्हणाले आणि बस पकडायला निघून गेले. अण्णा, म्हणजे योगीराज, फोटो पेनड्राइव्हवर घेऊन गेला. प्रेरणाने त्याला निक्षून सांगितलं, "ह्याला हात लावू नका." तो "व्हय व्हय" म्हणाला.

जत्रेच्या दिवशी आम्ही दोघी गावी गेलो. आमचं गाव संतपूरच्या अलीकडे. वेशीजवळ बांबूंना बॅनर बांधलेला होता. मधोमध देव, आणि खाली कोपऱ्यात ढोल घेतलेला एक गुलाबी माणूस. गाल गुळगुळीत, ओठ लाल, मिशा काळ्याभोर. घोंगडी जाऊन मागे सूर्याचे किरण आलेले. आणि भंडारा नव्हता. फ्लेक्सवाल्याने बिरोबाचा भंडारा डाग समजून पुसून टाकला होता!

"अप्पा कसे उठून दिसायलेत बघ," अण्णा छाती फुगवून म्हणाला. "फ्लेक्सवालं पोरगं म्हणालं, फोटो लई काळा हाय, अन् पिवळे डागपण पडलेत. म्हनलं, कर की साफ."

प्रेरणा बॅनरकडे बघत उभी होती. मी काय केलं ते सगळ्या गावाने पाहिलंय. माझ्या पर्समध्ये कात्री असते. शेजारी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, तिच्यावर चढले आणि तो गुलाबी माणूस चौकोनी कापून काढला. देवाला धक्का लावला नाही, कापड कापायची सवय आहे मला.

गोंधळ उडाला. "देवाच्या बॅनरला कात्री लावली," म्हणून बाया ओरडायला लागल्या. अण्णा माझ्या अंगावर धावून आला, "लाज वाटत न्हाई का तुला? चार लोकांत तोंड कसं दाखवू मी?" प्रेरणासुद्धा माझ्यावरच भडकली. "मला इचारलीस का? आता ह्या गावात मला कोण बोलवंल?" तिचं बरोबर होतं, पण तेव्हा मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं.

गर्दीतून अप्पा आले, गळ्यात ढोल.

"माझं तोंड कापलीस व्हय, रेणू?"

"ते तुमचं न्हवतंच, अप्पा."

"मला चांगलं वाटलं होतं की." त्यांचा आवाज चढला. "जन्मभर काळ्या, काळ्या ऐकलो. लोकं एकदा गोरा म्हणून बघायलेत, तर तुला कामून टोचायलंय?"

फ्लेक्सवाल्याला, अण्णाला, गावाला शिव्या घालायला माझ्याकडे भरपूर होतं. ज्या माणसाने आयुष्यभर ते ऐकून घेतलं, त्याला काय सांगणार? आणि हे त्यांना ऐकवणारे तिथेच तर उभे होते, देवाला नारळ घेऊन.

प्रेरणा रागातच होती. तिने पिशवीतून छापलेला फोटो काढला. अप्पांना द्यायला म्हणून तिने तो चौकटीत बसवून आणला होता. "हे घ्या, अप्पा. मी काढलेला ह्यो हाय. आवडला न्हाई तर फोडून टाका."

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बघितलं. ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला आणि ट्रॉलीला टेकून जमिनीवरच बसले.

"बाणू," त्यांनी आईला हाक मारली. "हिकडं ये. कोण हाय सांग."

आई वाकली आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, सासऱ्यांसमोर ओढायची तसा.

"मामंजी हायत की ओ," ती म्हणाली.

"माझा अप्पा हाय," अप्पा म्हणाले. बोटाने ते काचेवरून चेहरा चाचपत होते, कपाळ, नाक, गालाचा खळगा. "असाच होता. अगदी असाच काळा होता." मग ते ओक्साबोक्शी रडले. त्या वर्षी आमच्या गावचा ढोल उशिरा निघाला.

पुढच्या अमावास्येला मी घरी गेले, तर आजोबांची काठी माळ्यावर गेली होती. भिंतीवर तो फोटो आणि त्याला झेंडूचा भरघोस हार. अण्णा दारातूनच किंचाळला, "जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतंय का? अप्पा, काय अभद्र करायलात? लोकं समजतील तुमी गेलात!"

अप्पा फोटोच्या खालीच पाटावर बसले होते, नैवेद्याचं ताट पुढे.

"त्यो मी न्हाई. त्यो माझा बाप हाय," ते म्हणाले. "मी तुझ्या बॅनरवर होतो की. गोरा."

अण्णाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिथे नसते तर बरं झालं असतं. मीही तसंच बघितलं. आमचं बोलणं अजून बंद आहे. पण त्या दिवशी त्याने पायातलं काढून, आत येऊन, त्या काळ्या चेहऱ्यासमोर हात जोडेपर्यंत अप्पांनी नैवेद्याचं ताट कुणाला हलवू दिलं नाही.