टाचेचं औषध कपाळाला

बालझान नर्सचा हात हलका आहे, असं अख्खं ताराज शहर सांगतं. हलका कसला, चोरटा! एकोणीस वर्षं मी त्या मुलांच्या वॉर्डात फरशी पुसलीय, मला नका शिकवू.

ते औषध म्हणजे एका जंतूचं विष. अंगठ्याएवढी बाटली, आत बघावं तर रिकामीच वाटते. सलाइन घालून विरघळवायचं. आखडलेल्या पोटरीत टोचलं की पोटरी सैल पडते, टाच जमिनीला लागते. कपाळात टोचलं की आठ्या जातात. एका मुलाला एक बाटली, तीही सात-सात महिने यादीत ताटकळल्यावर. बालझान त्यातलं अर्धं काढून ठेवायची आणि वर सलाइन वाढवायची. डॉक्टर बिचारे तिने भरून दिलेली सुई मुकाट्याने टोचायचे. काढलेलं तिच्या घरच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागे. मग संध्याकाळी बायका कपाळं घेऊन हजर.

मला कळलं, तेव्हा तिने मलाच खुर्चीत बसवलं. "राइगुल, तुझ्या कपाळावर तर नांगर फिरलाय गं! ये, तुला फुकट." मी बसले. खोटं कशाला बोलू? बसले.

आमच्या गल्लीतली अक्कू चार वर्षांची, दिवस भरायच्या आधी जन्मलेली. दोन्ही पाय चवड्यांवर. पोर चालायला लागलं की आम्ही कझाक त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतो, मानाच्या माणसाकडून तो कापून घेतो आणि पोराला चालवतो. बाकीच्यांचा हा समारंभ वर्षाचं झाल्यावर होतो, अक्कूचा तीन वर्षं रखडला होता. तिची आजी काम्शात आपा शरमेने कुणाच्या लग्नाला जाईना. सुनेला, मेरुएर्तला, उठता-बसता टोमणे. "तुझ्या माहेरचं रक्तच लंगडं!"

वसंतात अक्कूचा नंबर लागला. सुई टोचली त्याच दिवशी आपाने समारंभ ठरवला, तीन आठवड्यांनंतरचा. आणि त्याच संध्याकाळी ती बालझानच्या स्वयंपाकघरात!

"फोटो निघतील गं," म्हणाली, "माझं तोंड वाळक्या जर्दाळूसारखं नको दिसायला."

त्या महिन्यात वॉर्डात बाटली एकच आली होती. मी तिथेच होते. आपा गेल्यावर मी म्हटलं, "अगं चांडाळणी, ही त्याच पोरीची आजी ना?"

बालझान हसली. "मग काय बिघडलं? घरातलं घरातच राहिलं."

वर कडी म्हणजे, दोरा कापायचा मान आपाने बालझानलाच दिला. ज्याच्या हातून दोरा कापला जातो, त्याची चाल पोराला लागते म्हणतात. दुसऱ्याचा काळा-पांढरा दोरा ओलांडू नये, म्हणजे चोरी करू नये, असंही आम्हीच म्हणतो. पण बालझान आली, ठेवणीतला रुमाल बांधून.

अंगणात पांढरं कापड अंथरलेलं, तळलेल्या बाउरसाक पुऱ्यांचा तुपकट वास, बायका उधळायला ओंजळीत खाऊच्या गोळ्या घेऊन उभ्या. मेरुएर्तने मला कोपऱ्यात गाठलं. "राइगुल आपा, तुम्ही वॉर्डात रोज बघता. तीन आठवड्यांत उतरते ना टाच?"

"उतरते की," मी म्हणाले. माझी जीभ झडली नाही.

बालझानने दोरा कापला. गोळ्या उधळल्या. अक्कू आईचा हात सोडून चवड्यांवर एक पाऊल गेली, दुसऱ्याला तोंडावर आपटली. ओठ फुटला. पांढऱ्या कापडावर रक्त.

मेरुएर्तने सासूकडे पाहिलं. काम्शात आपाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कपाळ गुळगुळीत, भुवई तसूभर हलेना.

"तुम्हाला काहीच वाटत नाही ना, आपा?" सून किंचाळली. "नात पडली नि तुमच्या कपाळाला आठीसुद्धा नाही!"

आपा गोरीमोरी झाली. मग नेहमीची वाट धरली. "डॉक्टर म्हणालेच होते, एखाद्या पोराला लागू पडत नाही. तुझंच रक्त."

बालझान शेजारी उभी होती. तिने गोळी सोलून तोंडात टाकली. मी मेरुएर्तला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी रुमाल पुढे ओढून कपाळ झाकलं.

अक्कू मात्र रडली नाही. बसल्या बसल्या तिने पायांना चाचपलं आणि बालझानपुढे दोन्ही घोटे जुळवून धरले.

"दोरा राहिलाय," ती म्हणाली. "नीट काप ना."

बालझान वाकली. घोट्यांमध्ये नुसत्या हवेत कात्री चालवली. "हं, कापला बघ आता."

अक्कू हसली, उठली, आणि पुन्हा पडली.