दामूकाकांचं बोट

आमच्या डिस्टिलरीत टाक्यांमध्ये स्पिरिट साठतं आणि कॅन्टीनमध्ये किस्से. स्पिरिटवर एक्साइजवाल्यांचं कुलूप असतं, किश्शांवर कुणाचंच नाही!

बोईसरजवळचा आमचा कारखाना एवढासा. वर्षानुवर्षं आम्ही दुसऱ्यांच्याच बाटल्या भरत आलो. मग सांगलीकडच्या वैशाली मॅडम ब्लेंडर म्हणून, म्हणजे व्हिस्कीचं मिश्रण जुळवायला, आल्या. कामगाराला परवडेल अशी स्वतःची व्हिस्की काढू, हे त्यांनी मालकांच्या गळी उतरवलं. मालक पुण्याचे. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर पुन्हा परक्या बाटल्या, आणि त्यासाठी ब्लेंडर कशाला हवा?

*

चव बघायला मॅडम, लॅबमधला मी आणि स्टोअरचे दामूकाका. काका जवळच्याच नवापूरच्या कोळीवाड्यातले. गुडघे गेले म्हणून मासेमारीची बोट सोडून आमच्याकडे आलेले.

पहिल्याच दिवशी मॅडमनी शिकवलं, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. काकांनी घोळवला, बादलीकडे पाहिलं आणि गिळून टाकला.

"बाय, आलेल्या पावण्याला आमी दारातून परत लावत नाय!"

तेव्हापासून काकांना चमचाभरच मिळू लागली.

*

दुसऱ्या नमुन्याला चक्क मासळीचा वास! मॅडमचा चेहरा उतरला. पाणी तपासलं, पिंपं तपासली, सगळा ब्लेंड ओतून द्यायची वेळ आली. शेवटी मी नुसता रिकामा ग्लास हुंगला.

लॅबचं सिंक तुंबलं होतं म्हणून काकांनी ग्लास घरी नेऊन धुतले होते. वाळवले कुठे? तर परातीवर, म्हणजे बोंबील वाळवायच्या बांबूच्या मांडवावर. ऊन-वारा तिथंच चांगला लागतो, असं काका निरागसपणे म्हणाले. व्हिस्की निर्दोष सुटली. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ओरडायचं सुचलंच नाही.

*

काकांच्या घरी एक रीत आहे. पहिला घोट घेण्याआधी पेल्यात बोट बुडवायचं आणि दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे. ते गेलेल्या वाडवडिलांचे. आमच्या लॅबमध्ये मात्र काकांनी कधी बोट बुडवलं नाही. न राहवून मी विचारलं.

"ही आपुन पिवू. म्हाताऱ्यांना कशाला तरास?"

मॅडमनी ऐकलं. त्या संध्याकाळी त्यांनी माल्ट थोडं वाढवलं आणि रंगाचं कॅरॅमल कमी केलं. पुढे प्रत्येक नमुन्याला त्या काकांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायच्या. मला त्यांच्या नोकरीची काळजी वाटू लागली होती.

*

मालक कशालाही 'छान' म्हणायचे. एकदा माझ्या हातून ग्लास बदलले आणि ज्यांच्या बाटल्या आम्ही भरतो त्यांचीच व्हिस्की मालकांपुढे गेली. मालकांनी पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं. "वैशाली, हिच्यात मजा नाही. आपली कालची बरी होती." आम्ही त्या आनंदात कॅन्टीनमध्ये भजी मागवली.

*

दिवाळीच्या तोंडावर शेवटचा नमुना आला. मालकही येऊन बसले. मॅडमनी फरशी स्वतः पुसून घेतली होती. लॅबमध्ये पाण्याचा थेंब सांडला तरी त्यांना खपत नसे.

काकांनी ग्लास हुंगला. परत हुंगला. मग बोट बुडवलं आणि सावकाश दोन थेंब त्या लख्ख फरशीवर शिंपडले.

मालक दचकले. "अहो काका, सांडताय कशाला?"

काकांच्या बोटावरची नजर काढून मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या,

"सांडू द्या, साहेब."