मँचेस्टरची सँड्रा टीचर

सौदीतलं हफ्र अल बातिन हे गाव सुखदा लिमयेला उतरल्या दिवसापासून आवडलं नाही, आणि ते तिने कधी लपवलंही नाही. नवरा विजय तिथल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. बरीच वर्षं एकट्याने काढल्यावर त्याने बायकोला बोलावून घेतलं. देवरुखच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी ही बाई टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन पडली. खिडकी उघडली की धूळ, बंद ठेवली की एसीची घरघर. भाजीवाला आधी सगळ्या अरब बायकांचं आटपायचा आणि मग हिच्याकडे न बघताच हात पुढे करायचा.

“हे गाव मला हाकलून लावतंय,” ती म्हणायची.

“गावाने बोलावलंय कुणाला? पोटासाठी आपणच येतो,” विजय म्हणायचा आणि ड्युटीवर निघून जायचा.

घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा ती बायकांच्या एका खासगी इंग्रजी क्लासात नोकरी मागायला गेली. क्लास चालवायच्या कैरोहून आलेल्या मदाम इस्मत. त्यांनी सुखदाची प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. सुखदा गोरीपान, डोळे घारे.

“डोळे खरे आहेत? लेन्स नाहीत?”

“खरे आहेत. आमच्याकडे पुष्कळांचे असतात.”

“उत्तम. उद्यापासून तू सँड्रा. मँचेस्टरची. इथल्या आया गोऱ्या बाईसाठी मुली पाठवतात, हिंदी बाईसाठी नाही.”

सुखदाच्या मस्तकात तिडीक गेली. उठून चालू लागावं असं तिला वाटलं. पण घरी जाऊन करायचं काय? ती खुर्चीतच बसून राहिली आणि “ठीक आहे” म्हणाली. इस्मतचा जितका राग आला, तितकाच त्या घटकेला स्वतःचाही आला.

वर्गात मुली अंगावरच्या काळ्या अबाया काढून, मोबाइल बाकावर ठेवून बसायच्या. त्यांतली नूफ सगळ्यांत तिखट. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रत्येक नियमाला तिचं ‘का?’ तयार. एकदा तिने विचारलं, “टीचर, मँचेस्टरला पाऊस कसा असतो?” सुखदाने देवरुखचाच सांगितला. कपडे आठवडाभर ओलेच, चपलांना बुरशी, पांघरुणाला कुबट वास. मुली हसल्या. नूफ हसली नाही.

मग एके दिवशी विजय डबा विसरला. सुखदा तो द्यायला दवाखान्यात गेली आणि एक्स-रेच्या दाराशी उभं राहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अरे, डबा कोण आणणार होतं, तुझा तो मालक, कफील? आणि येताना दही आण, विसरू नकोस!” बाहेरच्या बाकावर चाकाच्या खुर्चीतल्या आजीला घेऊन एक मुलगी बसली होती. तिचा चेहरा झाकलेला, त्यामुळे सुखदाला ती कोण हे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होताच नूफ उभी राहिली.

“टीचर सँड्रा, काल एक्स-रेवाल्याशी कुठल्या भाषेत बोलत होतीस?”

सुखदाने खडू खाली ठेवला.

“मराठीत. तो माझा नवरा आहे.”

“म्हणजे तू हिंदी. आमच्या घरी भांडी घासणारी बाईसुद्धा इंडियाची आहे. तिला पण टीचर म्हणू?”

“तिला शिकवता येत असेल तर जरूर म्हण. माझं नाव सुखदा. मँचेस्टर मी बघितलेलं नाही. खोटं बोलले, ते चुकलंच. पण शिकवलं ते खोटं नव्हतं.”

तिचं बोलणं संपेपर्यंत निम्म्या मुलींनी अबाया चढवल्या होत्या. कुणीतरी घरी फोन लावला. तासाभरात चार-पाच आया येऊन थडकल्या आणि मदाम इस्मतनी त्यांच्यापुढे हात जोडायचंच काय ते बाकी ठेवलं. “या बाईने मला फसवलं,” त्या अरबीत सांगू लागल्या.

एवढं अरबी सुखदाला कळत होतं. ती इंग्रजीत ओरडली, “नाव तूच ठेवलंस! डोळे खरे आहेत का म्हणून विचारलंस!”

आयांना इंग्रजी येत नव्हतं. इस्मतने हवं तसं भाषांतर करून सांगितलं. आयांनी सुखदाकडे घाणीकडे बघावं तसं बघितलं. त्या खोलीत दोन्ही भाषा नीट कळणारी आणखी एकच होती, नूफ. आईच्या शेजारी उभी राहून तिने तोंडातून अक्षर काढलं नाही.

त्या संध्याकाळी इस्मतने विजयला फोन करून, बायको बिनपरवाना नोकरी करते अशी तक्रार करायची धमकी दिली. विजय घरी आला तो पांढराफटक पडूनच.

“तुझ्या तोंडापायी माझा इकामा जाईल, इथे राहायचा परवानाच काढून घेतील!”

“तुझा इकामा, तुझा कफील, तुझं गाव. माझं काय आहे रे इथे?”

“मग जा देवरुखला!”

“हाकलल्यासारखी नाही जाणार. मला वाटेल तेव्हा जाईन.”

त्यानंतर कित्येक दिवस घरात फक्त भांडी वाजत होती. तक्रार काही झाली नाही, कारण चौकशी झाली असती तर इस्मतचंच पितळ उघडं पडलं असतं. पण विजयची भीती गेली नाही आणि सुखदाचा रागही.

महिनाभराने दारावरची घंटा वाजली. दवाखान्यातून पत्ता काढून नूफ आली होती. भाऊ खाली गाडीत.

“मी माफी मागायला आलेली नाही,” ती म्हणाली.

“मीही चहा विचारणार नाही.”

“नवी टीचर गोरी आहे, पण तिला नुसत्या गप्पा मारता येतात. माझी प्रवेशपरीक्षा आहे. तू शिकव.”

“त्या दिवशी तुला सगळं कळत होतं. बोलली का नाहीस?”

“इतके दिवस तू मला फसवलंस. मी तुझ्यासाठी का बोलू?”

सुखदाला दार तोंडावर आपटावं असं फार वाटलं. पण पोरगी हलत नव्हती.

“चपला बाहेर काढ,” सुखदा म्हणाली.

शिकवणी म्हणजे रोजचं भांडण होतं. नूफ खुर्ची रुमालाने पुसल्याशिवाय टेकायची नाही. सुखदा तिचा निबंध लाल करून परत द्यायची आणि “पुन्हा लिही” म्हणायची. एकदा नूफने पेन भिंतीवर फेकलं. सुखदाने ते तिलाच उचलायला लावलं. विजय आतल्या खोलीत कान देऊन बसायचा आणि नूफ गेली की नुसता सुस्कारा सोडायचा.

नूफ पास झाली. हे कळलं तेही तिच्याकडून नाही, तर तिच्या दोन मावसबहिणी दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा.

“नूफ म्हणाली, बाई कडू आहे, पण तिच्याकडेच जा.”

सुखदाने त्यांनाही चपला बाहेर काढायला सांगितलं. आठवड्याभरात विजयने न विचारता एक पांढरा फळा आणला आणि भिंतीला खिळे ठोकले. फळा जरासा तिरका लागला, त्यावरून दोघांचं भांडण झालं.

इस्मतचा क्लास अजून चालतो, रस्त्यावर तिची पाटीही आहे. समोरासमोर आल्या तर ती आणि सुखदा एकमेकींना सलाम करत नाहीत.