हळद-मिठाचा अंगठा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत पोराचा घसा धरला की लोकांना आधी डॉक्टर नाही, एकनाथ मास्तर आठवायचे. मराठी शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण हाताचा जोर निवृत्त झाला नव्हता. उजव्या अंगठ्याला हळद-मीठ फासायचं, पोराच्या घशात घालायचा आणि सुजलेल्या गाठी रक्त येईपर्यंत दाबायच्या, हा त्यांचा इलाज. "रक्त आलं म्हणजे घाण गेली," असं ते म्हणायचे. आणि गल्लीतल्या आया, मराठी असोत, तेलुगू असोत की मुसलमान, "मास्टरसाब, जरा अंगूठा लगा देव" म्हणत रडती पोरं ओढत आणायच्या. बरेचसे घसे तसेही आपोआप बरे होतात. श्रेय मात्र अंगठ्याला मिळायचं.

पोराचे पाय धरायचं काम त्यांच्या बायकोचं, इंदुमतीबाईंचं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून हळद-मीठ त्याच वाटायच्या आणि पायही त्याच धरायच्या. एकदा नाही म्हणाल्या होत्या, तर पितळी तांब्या कपाळावर बसला. तो व्रण अजून आहे. कुणाला सांगणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

थोरल्या मुलाचे, किशोरचेही पाय त्यांनी धरले होते. तो चौथीत होता. घसा दुखतो म्हणाला, मास्तरांनी दाबला, दोन दिवसांत पोरगा खेळायला लागला. मग काही आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. मास्तर म्हणाले, वाढीचं दुखणं. पुढे किशोरला जिना चढवेना, आणि कॉलेजात जाण्याआधीच उस्मानिया हॉस्पिटलच्या वॉर्डात धापा टाकत त्यानं प्राण सोडला. हृदयाची झडप खराब झाली होती, एवढंच तेव्हा कळलं.

धाकटा अविनाश शिकला. परदेशी कंपन्या हैदराबादला येऊ लागल्या तशी त्याला आणि त्याच्या पुण्याच्या बायकोला, मानसीला, माधापूरकडे नोकऱ्या लागल्या. सकाळी कंपनीची गाडी यायची, दोघं जायची आणि त्यांची दुसरीतली मुलगी सायली दिवसभर आजी-आजोबांकडे राहायची.

त्या हिवाळ्यात सायलीला ताप आला. घसा लालभडक, त्यावर पांढरे ठिपके, खोकला नाही, सर्दी नाही. मानसीनं सासूला सांगून ठेवलं होतं, म्हणून इंदुमतीबाई तिला अनसूया डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गळ्याच्या गाठी चाचपल्या, घशात बॅटरी मारली आणि विचारलं, घरात कुणाला हृदयाचं काही? इंदुमतीबाईंनी किशोरचं सांगितलं, दाबलेल्या घशापासून शेवटापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या.

"अम्मा, ये घशाचेच जंतू. आधे मारे तो जोड़ों में जाते, दिल में बैठते. बुखार उतरा तो भी गोलियाँ बंद नक्को करो. दस दिन पूरे. और घसा दाबना तो बिलकुल नक्को."

इंदुमतीबाई घरी कशा आल्या ते त्यांना आठवत नाही. बारा गावचं पाणी प्यायलेला नवरा आणि त्याचा अंगठा, दोघांवर त्यांनी एवढी वर्षं देवासारखा विश्वास ठेवला होता. त्या रागानं नुसत्या जळत होत्या, आणि तो राग पाय धरणाऱ्या स्वतःच्या हातांवरही होता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गरज सरो, वैद्य मरो! मास्तरांनी गोळ्या मोरीत ओतल्या. "निरोगी पोरीला विष चारताय?" इंदुमतीबाईंनी त्याच संध्याकाळी नवीन आणायचं ठरवलं, पण मास्तर दारात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, उंबरा ओलांडलास तर तंगडी मोडीन. अविनाशनं फोनवर "आई, आल्यावर बघतो" म्हटलं. आल्यावर तो झोपला. मानसी त्या आठवड्यात कंपनीच्या कामानं बाहेरगावी होती.

दोन दिवसांनी सायलीला पुन्हा ताप भरला, आधीपेक्षा जास्त. घसा एका बाजूला फुगला, तोंड बोटभरही उघडेना, लाळ गळू लागली. बोलली तर तोंडात घास असल्यासारखं ऐकू यायचं. आत पू साठला होता.

मास्तरांनी बाह्या सारल्या, अंगठ्याला हळद-मीठ फासलं. पोरीला सतरंजीवर पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि पळीचा दांडा दातांत घालून जबडा उचकटू लागले. ओठ फाटला, रक्त आलं. "इंदू, पाय धर!"

इंदुमतीबाईंनी पाय धरले. सवयीनं धरले. पण पोरीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि तसंच किशोरनं पाहिलं होतं.

त्यांनी पाय सोडले.

मास्तरांनी उलट्या हाताची मुस्कटात मारली. पुन्हा हात उगारला, तो इंदुमतीबाईंनी हवेतच दोन्ही हातांनी पकडला आणि अंगठा तोंडात घेऊन दात रोवले. मास्तर ओरडले, केस धरून त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं, तरी दात सुटेनात. हाडाला लागेपर्यंत त्या चावल्या. तोंडात हळद होती, मीठ होतं आणि रक्त होतं. मास्तर खाली बसले तेव्हा त्यांनी नातीला उचललं आणि रिक्षा गाठली.

दवाखान्यात चीर देऊन पू काढला. दोन-तीन चमचे निघाला. दाबून फोडला असता तर श्वासनळीत गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. या खेपेला गोळ्या मानसीनं सुट्टी काढून, एकही न चुकवता दिल्या. सायलीचं हृदय तपासलं, ठीक होतं.

मास्तरांचा अंगठा मात्र काळानिळा पडला. हात कोपरापर्यंत सुजला, लाल रेघ दंडाकडे चढू लागली, तेव्हा अनसूया डॉक्टरांचीच पायरी चढावी लागली. माणसाच्या तोंडातले जंतू काही कमी नसतात. त्यांनाही गोळ्या मिळाल्या, दस दिन पूरे.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. "बस झाल्या गोळ्या," मास्तर म्हणाले.

इंदुमतीबाई पाण्याचं भांडं घेऊन समोर बसल्या. "तोंड उघडा."

"म्हटलं ना, नको!"

"किशोरचे पाय मी धरले होते," त्या म्हणाल्या. "तुमचे धरायला अविनाशला हाक मारू?"

मास्तरांनी आपल्या बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.