आईची जोडीदारीण

बहात्तरच्या दुष्काळाचं नाव निघालं की आमच्याकडं लोकांचे चेहरे उतरतात. माझी आई मात्र म्हणायची, "लई चांगलं साल होतं बघ." मला राग यायचा. दिवसभर खडी फोडून हात सोलून निघालेले, पोटाला सरकारी सुकडी, आणि ही म्हणे चांगलं साल!

उदगीरकडच्या आमच्या गावाला दुष्काळी काम निघालं, तेव्हा खडी फोडायला बायकांच्या जोड्या लावल्या. आईच्या वाट्याला आली वीस एकरांच्या घरची सून. तिनं जन्मात हातोडी धरलेली नव्हती. कोणी ओळखू नये म्हणून नाकापर्यंत पदर ओढून बसायची. आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाच्या कडेला. एरवी तिच्या ओसरीवर आईला पाय ठेवता आला नसता. आईनं तिला दगड कसा धरायचा ते दाखवलं, बोट ठेचलं तेव्हा चिंधी बांधली. एक दिवस तिच्या घरून भाकरी आलीच नाही. पीठच संपलं होतं. आईनं आपलं ताट मधी सरकवलं आणि ती मुकाट्यानं जेवली. त्या दिवसापासून दोघी एकाच ताटात जेवायला लागल्या. इतक्या हसायच्या, की मुकादम वैतागायचा. आई तिला जोडीदारीण म्हणायची.

पुढच्या साली पाऊस झाला, काम बंद पडलं. जोडीदारणीच्या घरी बारसं निघालं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, मला घेऊन गेली. आम्हाला अंगणात बसवलं आणि पत्रावळीवर लांबूनच वाढलं. जोडीदारीण दारात सासूशेजारी उभी होती. बघत होती, पण बोलली नाही. आई घासही न खाता उठली.

मी नांदेडला शिकले. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या कचेरीत कारकून म्हणून लागले. उस्मानाबादहून फायली येऊन पडत होत्या, ठेवायला कपाटं नव्हती, आणि आम्ही पोरंपोरी नवा संसार मांडल्यागत खूश. फार चांगले दिवस होते ते. आई माझ्याकडंच राहायची. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी जोडीदारीण माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. मी तिला हाताला धरून खोलीवर नेलं.

दोघी गळ्यात पडून रडल्या. आई वाढायला बसली तेव्हा ती म्हणाली, "एकाच ताटात वाढ गं, तवासारखं."

आईनं दुसरं ताट काढलं. "हितं कोन बघाय न्हाई म्हून म्हणाय लागलीस. गावात म्हण, मंग वाढते."

ती खाली मान घालून जेवली आणि गेली. मी आईला वाटेल ते बोलले. दारी आलेल्या माणसाला असं बोलतात का? आई डोळे पुसत राहिली. पुढं आम्ही गावी गेलो की ती मुद्दाम जोडीदारणीच्या दारावरून जायची, आणि तिथं आली की हळू चालायची. हाक कधी आली नाही.

आई गावीच वारली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीत कुजबुज सुरू झाली, म्हणून मी बाहेर आले. डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन जोडीदारीण अख्ख्या गावातून चालत आली होती. केस पांढरे झालेले, चेहरा उघडा. आमच्या दारात, सगळ्यांसमोर तिनं बसकण मारली, ताटात भाकरी कुस्करली आणि मला म्हणाली, "ये बाय, माझ्या ताटात जेव. तुझ्या मायनं गावात म्हण म्हणलं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोनच दिवस आधी आली असती तर बाईचं काय गेलं असतं? आई तिच्याकडं धावत गेली असती. माझा पाय उचलेना. ती ताट धरून तशीच बसून राहिली, भाकरी वाळत चालली. शेवटी मला भूक लागली होती, म्हणून मी तिच्या ताटात हात घातला.