चार वाद्यं, एक डबी

वाद्य हातात घेतलं की काका आधी त्याची सर्वांत बारीक तार एकदाच छेडायचे आणि गप्प बसायचे. तेवढ्यात कोणी बोलायला लागलं तर हात वर करून म्हणायचे, "थांब, संपू दे." तारेचा आवाज पूर्ण विरला की मगच पुढचं बोलणं. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक याने वैतागायचे, कारण समोर लग्नाची माणसं खुर्च्यांवर येऊन बसलेली असायची.

मी या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवते. सकाळी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, लग्नसराईत संध्याकाळी हे काम. बाकी सगळे त्यांना 'मास्टरजी' म्हणत. मराठी आम्ही दोघंच, म्हणून माझे ते काका. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, एवढंच त्यांना आपल्या घराण्याबद्दल ठाऊक होतं, आणि त्याहून जास्त जाणून घ्यायची त्यांना हौसही नव्हती. वीज कार्यालयातून निवृत्त झाले होते. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असायचा.

ते मूळचे गिटारवाले. पण बास गिटारवाल्याला नोएडाला नोकरी लागली आणि मॅन्डोलिन, बेंजो वाजवणाऱ्याने मोबाइलचं दुकान टाकलं. नवीन माणसं घेण्याइतकं काम डीजेवाल्यांनी आमच्याकडे ठेवलं नव्हतं. मालक म्हणाले, "मास्टरजी, अब आप ही सब बजा लीजिए." काका म्हणाले, "ठीक है." त्यांना चारही वाद्यं यायची. बेंजोसुद्धा, तोच तो टाइपरायटरसारखी बटणं दाबत वाजवायचा.

अडचण वेगळीच होती. आजकालच्या गाण्यांना फाटका, खरखरीत आवाज लागतो. त्यासाठी पायाशी एक डबी ठेवतात, डिस्टॉर्शन पेडल. वाद्याची वायर तिच्यातून स्पीकरला जाते आणि पायाने बटण दाबलं की आवाज फाटतो. काकांकडे होती ती गिटारपुरती. तिला बास लावला की आवाजात दमच राहायचा नाही. मॅन्डोलिन लावलं की कानात सुई गेल्यासारखं व्हायचं. दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य बदलायला जेमतेम मिनिट मिळायचं, त्यात खाली वाकून डब्याही बदलायच्या, हे त्यांच्या गुडघ्यांना जमत नव्हतं. चारही वाद्यांना चालेल अशी एकच डबी हवी होती.

एका रविवारी दुपारी आम्ही ई-रिक्षात चारही वाद्यं घालून पडाव भागात गेलो. तिथे वाद्यांचं एक दुकान आहे. दुकानदार भला माणूस. त्याने तीन डब्या काढून ठेवल्या आणि म्हणाला, "आराम से देखिए."

लाल डबी काकांनी आधी गिटारला लावली. आवाज असा भरदार आला की रस्त्यावरचे दोघंजण दारात येऊन उभे राहिले. काका लहान मुलासारखे हसले. मग बास लावला, तर आवाज पोकळ झाला. "चल, हे मी निभावून नेईन," ते म्हणाले आणि त्यांनी मॅन्डोलिन लावलं.

मी कानावर हात नेता नेता थांबले. दुकानदाराने तोंड फिरवलं. काका मात्र शांतपणे वाजवत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग आमचे चेहरे पाहून त्यांनी मला विचारलं, "किरकिर येते का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेले काही महिने ते तार छेडून हात वर करायचे, पण ती विरायच्या आतच बोलायला लागायचे. मला वाटलं होतं, मालकांच्या कटकटीमुळे घाई करत असतील. तार तेवढीच वाजत होती, त्यांच्यासाठी ती लवकर संपत होती.

"येते, काका. फार येते."

त्यांनी लाल डबीची वायर काढली. "वापस रख दीजिए," ते दुकानदाराला म्हणाले.

समोरच्या टपरीवर चहा घेताना त्यांनी सांगितलं. कानातून वरचे सूर जाऊन राहिले होते. डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, पण ते लावलं की मॅन्डोलिन पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं ऐकू यायचं, म्हणून कपाटात ठेवलं. "मालकाला एवढ्यात नको सांगू. एक सीझन निघू दे. मग मीच सांगेन."

"आणि निवडायचं कसं?"

"मी वाजवतो, तू ऐक. पण माझं मन राखायला काही सांगू नको."

तुम्ही कधी दुसऱ्यासाठी ऐकलंय का? मी वीस वर्षं वाजवते आहे, पण त्या दुपारी ऐकून जितकी थकले तितकी वाजवून कधी थकले नाही. दुकानात परतल्यावर काळी डबी बेंजोला लावली, तर ती शिट्टी मारायला लागली. राखाडी डबी दिसायला अगदीच साधी. तिच्यावर एक जास्तीचं बटण होतं, मूळ आवाज किती शिल्लक ठेवायचा ते ठरवणारं. ते फिरवलं की फाटक्या आवाजाखाली वाद्याचा खरा आवाज तसाच राहायचा. बासचा दम गेला नाही. मॅन्डोलिन मऊ झालं. गिटारला मात्र लाल डबीची मजा नव्हती.

"गिटारचं थोडं कमी आहे," मी म्हणाले.

"ते तर मलाही ऐकू आलं," काका म्हणाले. "पण मी आता एकट्या गिटारचा थोडाच राहिलोय?" त्यांनी राखाडी घेतली.

मी घरून नेलपॉलिशच्या बाटल्या नेल्या आणि आम्ही बटणांभोवती ठिपके दिले. गिटारला लाल, बासला गुलाबी, मॅन्डोलिनला पांढरा, बेंजोला चंदेरी. काका वाद्य बदलायचे, खुर्चीवर बसल्या बसल्या काठीच्या टोकाने बटण ठिपक्यावर आणायचे. सीझन छान चालला होता. बासचा आवाज ऐकून लोक स्टेजवर बासवाला शोधायचे.

मग सराफ्यातल्या एका घरचं रिसेप्शन आलं. स्टेज अरुंद होतं, स्पीकर काकांच्या अगदी पाठीशी ठेवावा लागला. बेंजोचं गाणं सुरू झालं आणि स्पीकरमधून बारीक, लांबलचक शिट्टी निघाली. बायकांनी कानांवर हात ठेवले. काका डोळे मिटून वाजवत होते. मी जोरात कीबोर्ड वाजवून ती झाकायचा प्रयत्न केला. शेवटी साउंडवाल्याने त्यांचा आवाज बंद केला, तरी त्यांची बोटं चालूच होती. समोर कोणीतरी हसलं. मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

कार्यक्रमानंतर मालक तावातावाने आले. "मास्टरजी, ये डब्बा खराब है. कल ही वापस कीजिए."

मी काकांकडे पाहिलं. 'हो' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. डबी तरी काय बोलणार होती?

"डब्बा ठीक है," काका म्हणाले. "मेरे कान चले गए हैं."

 मालकांनी स्वतः बेंजो उचलून गाडीत नेऊन ठेवला. याआधी त्यांनी कोणाचं वाद्य उचललेलं मी पाहिलं नव्हतं.

काकांनी त्या आठवड्यात काम सोडलं. त्यांच्या जागी कॉलेजात शिकणारी एक मराठी मुलगी आली. गिटार आणि बास वाजवते. राखाडी डबी काकांनी तिला दिली आणि दोन दुपारी तिच्याबरोबर बसले. ती म्हणाली, "काका, हे डॉट्स मी असेच ठेवीन, आपकी याद रहेगी."

"ठेवू नको," काका म्हणाले. "हे माझ्या वाद्यांचे आहेत. तू तुझे लाव."

काका-काकू मुलीकडे इंदूरला राहायला जाणार होते, त्याआधी मी किला गेटजवळच्या त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. "आतल्या खोलीत आहेत. हाक मारून उपयोग नाही, समोर जाऊन उभी राहा," म्हणाल्या आणि माझ्या हातात चहाचा कप दिला.

बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये काका दाराकडे पाठ करून बसले होते. मॅन्डोलिनला वायर नव्हती. त्यांनी हनुवटी त्याच्या लाकडाच्या कडेवर घट्ट टेकवली होती आणि ते फार हळू काहीतरी वाजवत होते. "असं धरलं की हाडातून ऐकू येतं म्हणतात," काकू दारातून हलकेच म्हणाल्या. मी समोर गेले नाही. मागेच एका खोक्यावर बसले.

वाजवणं थांबल्यावर ते वळले. लाकडाच्या कडेचा लाल वळ हनुवटीवर उमटला होता.

"कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हणाले. माझ्या कपातल्या चहावर साय धरली होती.